आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेला मास्तर

तळोद्यात आमच्या घराच्या पुढच्या भागात दुकान होतं आणि मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत दोन्हींचे वास एकमेकांत मिसळायचे. पुढून शाई, रॉकेल आणि तापलेलं रबर. मागून लसणाची फोडणी. माझ्या शाळेच्या वह्यांनाही तो वास होता. अब्बा लग्नपत्रिका छापायचे आणि रबरी शिक्के बनवायचे. सपाटीवरच्या गावांतून पत्रिकेची गिऱ्हाइकं यायची, आणि शिक्क्यांसाठी सरपंच, डॉक्टर, शाळा, सोसायट्या, कचेऱ्या. जन्मभर शिशाचे उलटे खिळे जुळवल्यामुळे अब्बांना आरशातल्यासारखी अक्षरं सरळ अक्षरांपेक्षा लवकर वाचता यायची. वर्तमानपत्र ते सुलटच वाचायचे, पण जरा अडखळत, आपण परकी लिपी वाचतो तसं.

अम्मी मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते फुफीने, म्हणजे अब्बांच्या थोरल्या बहिणीने. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली ती थेट घराची मालकीण होऊनच. सकाळी तिच्या खलबत्त्याचा ठोका सुरू झाला की गल्लीतली माणसं उठायची. तुरीच्या डाळीचे फुनके वाफवावेत तर तिनेच. वर कढीची वाटी, आणि कढीत इतका लसूण की शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. तळोद्याच्या बाहेर ती कधी एकटी गेली नव्हती. जीपगाडीत बसायची तर तिला फार भीती. स्टँडवर डोंगरात जाणाऱ्या जीपगाड्या उभ्या असायच्या, आत बारा माणसं, टपावर सहा, मागे लटकलेली चार, त्यांच्याकडे बघून ती म्हणायची, "ये लोग उतरते कैसे होंगे?"

या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्यामुळे. बारावीनंतर मी शहाद्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला. रोज एसटीने जायचे, यायचे. तिथे आम्हाला वळवी मॅडम शिकवायच्या. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून आलेली, माझ्याहून जेमतेम सहा वर्षांनी मोठी बाई, आवाज इतका हळू की मागच्या बाकावरची पोरं पुढे येऊन बसायची. कोर्स संपला आणि अब्बांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला. मग टेलिफोनच्या तारेवर इंटरनेटही आलं, कारण सुरतेकडे गेलेली गिऱ्हाइकं मजकूर मेलने पाठवू लागली होती. कनेक्शन लागताना मोडेमचा डबा जो काय किंचाळायचा, तो ऐकून फुफी पहिल्या दिवशी हातातलं लाटणं घेऊन पुढे आली होती. तिला वाटलं, दुकानात कुणी कोंबडी कापतंय.

आता चूक सांगते. ती माझी होती, आणि मी ती बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. ब्राह्मणपुरीचे मगनकाका मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. केळीचे बागाईतदार, गुजर, आणि हौशी माणूस. आमच्याकडे मराठीचे चार फॉन्ट होते, ते त्यांनी एकेक करून नापसंत केले.

"बेटा, मन्ही आंडेरनं लगीन शे," ते म्हणाले. "अक्षर गोलगोल पाहिजे. जिलबीना मायेक."

जिलबीसारखा फॉन्ट मी इंटरनेटवर शोधायला लागले. एका साइटवर सापडला: पाचशे मराठी फॉन्ट, फुकट. डाउनलोड व्हायला दुपार गेली. त्यातल्या फाइलवर मी दोनदा क्लिक केलं. एक निळी खिडकी क्षणभर दिसली आणि गेली. फॉन्ट नाही, काही नाही. मी पुन्हा क्लिक केलं. पुन्हा काही नाही. मग मला वाटलं फाइल खराब असेल, आणि मी चहा प्यायला आत गेले. आज विचार करते तेव्हा वाटतं, काहीतरी झालं असतं, धूर आला असता, तर बरं. काहीच झालं नाही, म्हणून मी निश्चिंत राहिले.

दोन दिवसांनी सीडीचा कप्पा आपोआप बाहेर आला. कुणी बटण दाबलं नव्हतं. थोड्या वेळाने आत गेला. पुन्हा बाहेर आला. फुफी दारात कोथिंबीर निवडत बसली होती, ती उठून आली, कप्प्याकडे निरखून बघितलं, आणि म्हणाली, "इसको कुछ होना." मी म्हटलं, फुफी, त्याला काही नको, ते बिघडलंय. पण मी वळले तेवढ्यात तिने कप्प्यात एक खजूर ठेवला. कप्पा खजूर घेऊन आत गेला आणि मधेच अडकला. अब्बांनी तो शिक्क्याच्या चिमट्याने काढला. बी मात्र आतच राहिली, आणि पुढे किती महिने सीडी लावली की आत खडखडायची.

पुढच्या आठवड्यात एकदा मी बाजारातून परत आले तर अब्बा पडद्यासमोर बसून पत्रिकेचं प्रूफ वाचत होते. पडद्यावर सगळं उजवं डावीकडे गेलेलं, अगदी आरशातल्यासारखं. अक्षरं उलटी, खिडक्या उलट्या, बाण डावीकडे ढकलला की उजवीकडे जायचा. मी ओरडलेच. अब्बांनी शांतपणे चष्मा वर केला. "अच्छा तो है," ते म्हणाले. "पहिल्यांदा नीट दिसतंय. तूच केलंस ना?" त्यांना वाटलं, मी त्यांच्या सोयीसाठी सेटिंग बदललं. दोन तास ते तसंच काम करत होते. मी मशीन बंद करून चालू केलं आणि सगळं सरळ झालं, तर ते हिरमुसले.

आणि मग तो बोलायला लागला. मी मगनकाकांची पत्रिका जुळवत होते, साध्याच फॉन्टमध्ये. वर मोठ्या अक्षरांत 'शुभविवाह'. फोनची तार लागलेली होती. अचानक पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. आत इंग्रजी अक्षरांत मराठी: शुभविवाद नाही, शुभविवाह. मी पत्रिकेकडे बघितलं. खरंच, ह च्या जागी द पडला होता. मी, अब्बा, मगनकाकांचा होणारा जावई, तिघांनी ते वाचलं होतं आणि कुणाला दिसलं नव्हतं. तीनशे घरांत शुभविवादाचं निमंत्रण गेलं असतं. मी गुपचूप द चा ह केला. अब्बा मात्र खूश झाले. त्यांना वाटलं कॉम्प्युटरनेच चूक काढली. फुफीने त्याला तिथल्या तिथे 'मास्तर' नाव दिलं. त्या दिवसापासून ती जेवणाआधी दारातून विचारायची, "मास्तर ने आज कुछ बोला क्या?" कधी तो 'हाय' म्हणायचा. कधी नुसताच कप्पा उघडायचा. फुफीने एकदा माझ्याकडून त्याला विचारायला लावलं की जेवलास का. मी टाइप केलं. उत्तर आलं: नाही. ती दिवसभर हळहळत होती.

मला कळत होतं की हे बरं नाही. कोर्समध्ये ट्रोजन हा शब्द एकदा ऐकला होता, म्हणजे तारेच्या पलीकडे बसून कुणीतरी आपलं मशीन चालवतो ते. पण सांगायचं तर फॉन्टचं सांगावं लागलं असतं, आणि दुकानातलं एकमेव कॉम्प्युटर येणारं माणूस म्हणून माझी जी ऐट होती ती गेली असती. आणि खरं सांगू, मास्तर गमतीशीर होता. आता इतक्या वर्षांनी, परवाच माझ्या फोनवर अनोळखी नंबरावरून लग्नपत्रिका आली. पत्रिका म्हणजे चित्र असतं, नाहीतर पीडीएफ. ही 'इन्स्टॉल करा' म्हणत होती. माझी भाची म्हणाली, बघू तरी कुणाचं लग्न आहे. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. तिला वाटलं मी म्हातारपणी कजाग झालेय. तिला मास्तर ठाऊक नाही.

गंमत संपली ती एका दुपारी. मी माउसला हात न लावता बसले होते, दाणे खात. पडद्यावरचा बाण हलला. सरळ चालत गेला आणि 'शिक्के' नावाचं फोल्डर उघडलं. त्यात अब्बांनी बनवलेल्या प्रत्येक शिक्क्याची फाइल होती. सरपंचांचे, मुख्याध्यापकांचे, दवाखान्याचे, दोन-तीन सरकारी कचेऱ्यांचे. गोल, आयताकृती, मधे सिंह असलेले. बाणाने सगळ्या फाइली निवडल्या. मोडेमवरचा दिवा लुकलुकायला लागला, आणि थांबेना. मी काही पाठवत नव्हते, म्हणजे तो घेऊन चालला होता. मी टेबलाखाली शिरून फोनची तार भिंतीतून उपटली. तिच्याबरोबर भिंतीचा पोपडाही आला.

अब्बा कुठलाही शिक्का कचेरीच्या पत्राशिवाय बनवायचे नाहीत. एकदा एका ओळखीच्या माणसाने बिनपत्राचा मागितला तर त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. त्यांची तेवढीच अब्रू होती. आता ते शिक्के कुणाच्या तरी हातात होते. तो उद्या दाखले काढेल, जमिनी फिरवेल, आणि पोलीस येतील ते शिक्का बनवणाऱ्याकडे. मी टेबलाखालीच बसून अब्बांना सगळं सांगितलं. फॉन्ट, निळी खिडकी, सगळं. अब्बांनी ऐकून घेतलं, उठले आणि दुकानाचं अर्धं शटर ओढलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आणि माझ्याशी बोलायचे थांबले. काही लागलं तर फुफीला सांगायचे, "उसको बोल, कैंची दे." मी समोरच, कात्री हातात घेऊन उभी. फुफी माझ्याकडे वळून म्हणायची, "कैंची दे." मी फुफीला द्यायची, फुफी अब्बांना.

मी एसटीडीवरून शहाद्याला वळवी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, तार लावू नकोस, मशीन बंद ठेव, बाजाराच्या दिवशी मी गावी जाते, जाताना येईन. त्या आल्या खांद्याला शबनम आणि तीत चार सीडी घेऊन. जीपगाडी स्टँडवर उभी होती, माणसं भरली की निघणार, आणि त्या दिवसाची ती शेवटची. "अर्धा तास आहे," मॅडम म्हणाल्या. "जागेवर रुमाल ठेवून आलेय."

"रुमाल को कौन पूछता है," फुफी म्हणाली. "मैं बैठती जाके." आणि जीपगाडीला जन्मभर घाबरलेली माझी फुफी डोक्यावर पदर घेऊन मॅडमची जागा धरायला गेली. आपल्याला फक्त बसायचंय, जायचं नाही, या हिशेबाने तिला धीर आला असावा.

मॅडमनी मशीन चालू करून लगेच एक बटण दाबून धरलं, म्हणजे ते अगदी मोजक्या गरजेपुरतंच सुरू झालं, बाकी काही जागं झालं नाही. मग चालू होताना आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी काढली. त्यात एक नाव मशीनच्या स्वतःच्या प्रोग्रॅमसारखंच होतं, फक्त एक अक्षर वेगळं. "हा बघ तुझा पाहुणा," त्या म्हणाल्या. लपवलेल्या फाइली दिसतील असं केलं, ती फाइल शोधली, पुसली, यादीतलं नावही काढलं. मशीन पुन्हा सुरू केलं. तो परत हजर. कुठेतरी दुसरी प्रत होती, ती पहिलीला जन्म देत होती. मॅडमनी नवी माहिती भरलेली अँटिव्हायरसची सीडी घातली. आत खजुराची बी खडखडली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ते वेगळं आहे.

तपासणी चालू असताना अब्बांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. फुफी नव्हती, म्हणून ते कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले, "उसको पूछो, ये अंदर आया कैसे."

मॅडमना हा प्रकार ठाऊक नव्हता. त्यांनी सरळ उत्तर दिलं. "चाचा, याला ट्रोजन म्हणतात. जुन्या गोष्टीत लाकडाचा घोडा होता. लोकांनी भेट समजून किल्ल्यात ओढून घेतला, आणि पोटातून शिपाई निघाले. तसा हा फॉन्टच्या पोटात बसून आला."

अब्बा विचारात पडले. "सारंगखेड्याच्या बाजारात," ते म्हणाले, "माणूस घोडा घेताना दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. लाकडाचा घेतलाच कशाला?"

"फुकट होता म्हणून," मॅडम म्हणाल्या. मी पडद्याकडे बघत राहिले. "पण नुसतं तिने दार उघडल्याने एवढं होत नाही. ती फाइल उघडली तेव्हा तो ओसरीपर्यंतच आला. प्रोग्रॅम माणसंच लिहितात, त्यात चुका राहतात. एखादी चूक अशी असते की तिच्यातून बाहेरचा माणूस मालकाचे सगळे अधिकार घेऊ शकतो. बनवणारे नंतर तिला ठिगळ काढतात, पॅच म्हणतात. तुमच्या मशीनला आजवर एकही ठिगळ लावलेलं नाही. त्या भोकातून तो आत गेला, आणि आतून स्वतःला किल्ली करून घेतली."

अब्बांनी टेबलावरचा एक शिक्का उचलून त्याचं रबर निरखलं. शिक्क्यातल्या एका चुकलेल्या वेलांटीपायी रात्रीचं जेवण सोडणारा तो माणूस. भोक ठेवून माल विकायचा आणि ठिगळ नंतर पाठवायचं, हा धंदा त्यांच्या डोक्यात बसेना.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "हॉर्न ऐकू येत नाही." आम्ही रस्त्यावर धावलो. स्टँडवर जीपगाडीच्या जागी तेलाचा डाग होता. चहावाला म्हणाला, "भरी गयी ना, मंग निंघी गयी. तुमनी फुफी बी गयी." तिने उतरायचा प्रयत्न केला होता म्हणे, पण तिच्या अलीकडे पाच आणि पलीकडे चार, मांडीवर कुणाची तरी कोंबडी, आणि ड्रायव्हर सांगत होता की मॅडमची सीट आहे, मॅडम बसल्यात, चला.

आम्हाला जीपगाडीमागे माणूस पाठवायला दुसरी जीपगाडी नव्हती. अब्बा चहावाल्याच्या बाकावर बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला तीन दिवसांत प्रथमच काहीतरी हललेलं दिसलं; रडू की हसू, कळलं नाही. वळवी मॅडम म्हणाल्या, "माझी आई घरी आहे. ड्रायव्हर तिला दारात उतरवील. काळजी करू नका." मग म्हणाल्या, "बरंच झालं. अर्ध्या तासात झाडूनपुसून दिलं असतं. पण जो आतून किल्ली करून बसला, त्याने आणखी काय काय ठेवलंय हे सांगता येत नाही. खात्री हवी तर सगळं पुसून नव्याने टाकायला हवं. आता वेळ आहे."

आणि आम्ही तेच केलं. पत्रिकांचे मजकूर आणि शिक्क्यांच्या फाइली तेवढ्या तपासून सीडीवर उतरवल्या, प्रोग्रॅम एकही घेतला नाही. मग सगळी डिस्क कोरी केली. टक्केवारी पुढे सरकत होती आणि अब्बा ती बघत उभे होते. मॅडमनी सिस्टीम नव्याने टाकली, तार लावायच्या आधी सीडीवरून सगळी ठिगळं लावली, आणि मेलचा पासवर्ड बदलायला मला एसटीडीवाल्याच्या मशीनवर पाठवलं. मी घरी येऊन फुनके करायला घेतले. ते फुटले. मॅडमनी निमूट खाल्ले. त्या माझ्या खोलीत, फुफीच्या खाटेवर झोपल्या.

फुफी सकाळच्या जीपगाडीने परत आली. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, मांडीवर आमचुराची पिशवी. तिला ना डोंगरातली भिली बोली येत होती ना मॅडमच्या आईला हिंदी. दोघींनी संध्याकाळभर कैऱ्या चिरल्या होत्या. "बहुत अच्छी औरत," ती म्हणाली. "कुछ बोलतीच नहीं." मग कॉम्प्युटरकडे बघून विचारलं, "मास्तर?" मी म्हटलं, गेला. ती आत गेली आणि खलबत्ता घेऊन बसली. त्या सकाळी ठोका जरा हळू पडत होता.

मॅडम निघून गेल्यावर अब्बांनी शिक्क्यांच्या सगळ्या पत्रांचा गठ्ठा काढला, स्वच्छ सदरा घातला आणि फुफीला म्हणाले, "उसको बोल, चप्पल पहन." आम्ही एकेका शिक्क्याच्या मालकाकडे गेलो. तुमच्या शिक्क्याचा नमुना चोरीला गेलाय, हा रद्द करा, नवा मी बनवून देतो, खूण बदलून. एक डॉक्टर हसले. कळसाडीच्या बाजूचे एक सरपंच आम्हाला तळोद्यातच भेटले, त्यांनी अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, मन्हा शिक्का चोरीसन कोन काय करी? मन्ही सहीवर बी काम व्हत नही, शिक्कावर कथाईन व्हई?" तरी अब्बांनी त्यांच्याकडून जुना शिक्का मागून घेतलाच.

शेवटी एक कचेरी राहिली. तिथल्या लिपिकाने आमचं सगळं ऐकलं आणि अर्ज मागितला. अर्ज अब्बांनी लिहूनच आणला होता. त्याने तो वाचला, आणि त्याच जुन्या शिक्क्याने त्यावर 'प्राप्त' मारलं. मग आवक रजिस्टर उघडून पेन काढलं.

"कुणाच्या हातून झालं?"

"दुकानात झालं," अब्बा म्हणाले. "दुकान माझं आहे."

"माझ्या हातून," मी म्हटलं. "माझं नाव लिहा. नसीम."

त्याने लिहिलं. "हुद्दा काय?"

मला हुद्दा नव्हता. तो पेन रजिस्टरवर टेकवून वाट बघत होता.

"इन्चार्ज लिखो," अब्बा म्हणाले. "कॉम्प्युटर इन्चार्ज." आणि माझ्याकडे वळून, मधे कुणीही नसताना, "बेटा, मेरा चष्मा कहाँ है? वाच, बरोबर लिहिलं का बघ."

मी वाकून वाचलं. अक्षरं हलत होती. मान वर केली असती तर रडले असते, आणि त्या कचेरीत रडायलाही अर्ज लागला असता.